पाण्याखालचं बंदर आणि विरकर सर

विरकर सरांबद्दल लिहायचं ठरवलं तेव्हा मी सवयीप्रमाणे आधी कागदावर दोन रकाने पाडले. एकात त्यांच्या चांगल्या गोष्टी, दुसऱ्यात बाकीच्या. पहिला रकाना भराभर भरला, पानाच्या मागच्या बाजूला गेला. दुसऱ्यात एकच ओळ झाली. ती लिहिल्यावर पहिल्या रकान्याचं काय करायचं ते मला कळेना. म्हणून कागद बाजूला ठेवला आणि आठवेल तसं लिहायला घेतलं.

आमची शाळा कडेगावच्या बाजूला, उसाच्या पट्ट्यात. मी तिथे गणित शिकवत होते आणि वेळापत्रक, परीक्षेची बैठक व्यवस्था, सहामाहीची सामानाची मोजदाद, असली सगळी कामं माझ्याकडे होती. मी सांगलीची, जैन घरातली. गावात मला सगळे ‘चौगुले बाई’ म्हणत. विरकर सर मराठी शिकवायला आमच्याकडे आले ते माण तालुक्यातून, दहिवडीच्या पलीकडच्या एका वाडीतून. त्यांच्या घरी मेंढरं होती. वडील आणि दोन भाऊ मुंबईला गिरणीत, आई गावाला. सर अंगानं किरकोळ, पायजमा आणि सदरा पांढरा, डोळे मात्र नेहमी नुकतंच काहीतरी गमतीचं बघून आल्यासारखे.

त्यांची पाणी प्यायची पद्धत मी पहिल्या दिवशीच पाहिली. शिपायानं तांब्या-भांडं आणून ठेवलं. सरांनी भांड्यात दोन घोटांपुरतंच पाणी ओतलं, ते प्यायले, मग पुन्हा तेवढंच. उरलेलं पाणी खिडकीतून ओतायला मी हात पुढे केला, तर त्यांनी तांब्या धरूनच ठेवला.

“बाई, ते कुठं टाकताय?”

“उरलंय, सर.”

“उरलंय म्हणजे अजून आहे की!” असं म्हणून तांब्या त्यांनी आपल्या टेबलाखाली पायाशी ठेवला आणि दिवसभर तेवढ्या पाण्यात भागवलं. आमच्या गावात कालवा वाहायचा, पाण्याच्या मोटारी चालायच्या, पोरं पाटात डुंबायची. सर कालव्याच्या पुलावरून जाताना थांबायचे आणि खाली बघत राहायचे. एकदा मी विचारलं, काय बघता? म्हणाले, “एवढं पाणी एकाच दिशेनं कसं जातं, कुणी हाकत नाही तरी?”

असा हा माणूस, ज्यानं समुद्र कधी पाहिला नव्हता, समुद्राची गोष्ट सांगायचा.

ती गोष्ट सुरू कशी झाली ते सांगते. शाळेत दरवर्षी श्रावणात पूजा व्हायची. पोथीतली वाण्याची कथा घराघरात माहीत असते. वाणी आणि त्याचा जावई नौका भरून परत येतात. मुलगी घरात पूजेला बसलेली असते. नवरा किनाऱ्याला लागल्याचं कळताच ती प्रसाद न घेता धावत सुटते, आणि तिच्या डोळ्यांदेखत नौका नवऱ्यासकट पाण्यात जाते. मग ती परत घरी जाऊन प्रसाद घेते, आणि नौका वर येते. भटजी ही कथा दरवर्षी घाईनं सांगायचे, कारण त्यांना पुढं आणखी दोन पूजा असायच्या. मुलं शिऱ्याच्या वासाकडे लक्ष ठेवून बसायची.

त्या वर्षी पूजा झाल्यावर नववीच्या वर्गात कुणीतरी सरांना विचारलं, “सर, नौका पाण्यात गेली आणि वर आली, त्या मधल्या येळात आतली मानसं काय करत हुती?”

दुसऱ्या कुणी शिक्षकानं ‘गप बस’ म्हटलं असतं. सर म्हणाले, “हे मला माहीत नाही. आपण ठरवू या.”

शनिवारी सकाळची शाळा असायची. शेवटचा तास सरांचा. त्या तासाला ते गोष्ट पुढे न्यायचे, पण एकट्यानं नाही. पुढं काय व्हावं ते मुलांनी सुचवायचं. मग चर्चा, मग हात वर. याला ते पंचायत म्हणत. एखादी सूचना पटली की फळ्यावर लिहून विचारायचे, “मंजूर का गड्यांनो?” आणि सगळा वर्ग कौलं हलतील असा ओरडायचा, “मंजूर!” एकदा मंजूर झालेलं बदलायचं नाही, हा सरांनीच घातलेला नियम. नापसंत सूचनेलाही ते वाईट म्हणत नसत. “ही पुढच्या नौकेत भरू,” म्हणत, आणि ते पोर खूश होऊन खाली बसायचं.

पंचायतीतून जे निघालं ते असं: बुडालेल्या नौका समुद्राच्या तळाशी एका बंदराला लागतात. तिथे त्या उलट्या तरंगतात, शिडं खाली आणि तळ वर. बंदरात बाजार भरतो, पण तिथे कुणाला तहान लागत नाही म्हणून पाणक्याला गिऱ्हाईक नाही, आणि तो दुःखी आहे. माशांचे कळप असतात आणि ते रानात चरायला नेतात. वाण्याची मुलगी एका म्हाताऱ्या कासवाकडून उसना श्वास घेऊन खाली उतरते. तिला माशांचा कळप हाकता येतो, कारण हाकणं तिला माहीत आहे. समुद्र, पण माणच्या माळासारखा. ऐकताना मला वाटायचं, कोकणातल्या कुणाला हा समुद्र सुचला नसता.

एका शनिवारी मुख्याध्यापक वर्गावरून जात होते. आत सामसूम. डोकावले तर वर्ग रिकामा. ते घाबरले, पोरं पळाली की काय! आत गेले तर सगळी मुलं बाकांच्या खाली पालथी पडलेली आणि सर टेबलाखाली.

“विरकर! हे काय चाललंय?”

टेबलाखालून आवाज आला, “सर, जरा हळू बोला. वरून नौका चाललीय.”

मुख्याध्यापक रागीट होते, पण त्यांनी वर पाहिलं. कौलांच्या फटींतून उन्हाच्या रेघा खाली येत होत्या आणि त्यांत धूळ हलत होती. ते काही न बोलता चवड्यांवर बाहेर आले. मला स्टाफरूममध्ये म्हणाले, “बाई, खरंच तळाशी गेल्यासारखं वाटलं हो.” हा माझ्या पहिल्या रकान्यातला पहिला प्रसंग.

दुसराही सांगते, पण तो कुठल्या रकान्यात घालायचा याबद्दल माझं अजून नक्की नाही. स्नेहसंमेलनाच्या तयारीसाठी शनिवारचा शेवटचा तास चित्रकलेच्या सरांनी मागितला. विरकर म्हणाले, “घ्या की, आनंदानं.” त्याच दिवशी पीटीच्या सरांनी कवायतीसाठी तोच तास मागितला. त्यांनाही “घ्या की.” मी वेळापत्रक घेऊन गेले तेव्हा मलाही म्हणाले, “बाई, माझा तास मी कुणाला देतोय? मुलांची गोष्ट आहे.” शनिवारी तीन शिक्षक एकाच वर्गाच्या दारात. पीटीचे सर तापले.

“विरकर, तुम्ही मला शब्द दिला होता!”

“दिला होता.”

“मग यांना?”

“यांनाही दिला होता,” सर अगदी निरागसपणे म्हणाले. “दोघांचीही अडचण खरी होती हो.”

आम्ही सगळे हसलो, मीसुद्धा. सरांना समोरच्या माणसाचं तोंड पडलेलं बघवत नाही, एवढाच मी त्याचा अर्थ लावला. जो समोर असेल त्याला हवं ते ते देऊन टाकायचे. शिपायाला पगाराबद्दल मी बोलतो म्हणायचे, मुख्याध्यापकांना शिपाई समजूतदार आहे म्हणायचे. शिपाई महिनाभर खुशीत. पगाराचा विषय कुणीच काढला नाही.

त्या नववीच्या वर्गात सुशीला होती. सुशीला शिंदे. काळीसावळी, लांब वेण्यांची, गणितात बरी, बोलायला कमी. तिचे वडील फौजेत होते. आदल्या वर्षीच्या लढाईत ते गेले. ते सुट्टी संपवून निघाले त्या दिवशी घरात पूजा होती. एस.टी. लवकर आली म्हणून निरोप आला आणि तिची आई पोथी चालू असताना पाटावरून उठून स्टँडवर धावली. नवऱ्याला तिनं खिडकीतून पाहिलं तेवढंच. नंतर तार आली. तेव्हापासून सुशीलाची आजी आल्यागेल्याला सांगायची, “पूजंतनं उठली, प्रसाद घेतला न्हाई, मग काय हुनार?” सुशीलाची आई हे ऐकत भाकऱ्या थापायची. गावाला हे माहीत होतं. विरकर सरांनाही. सुशीलानंच त्यांना सांगितलं होतं.

गोष्टीचा शेवट ठरवायची पंचायत मला नीट आठवते, कारण सरांनी त्या दिवशी मला मुद्दाम बोलावलं होतं. मागच्या बाकावर बसून मी ऐकत होते. बंदराचा एक अधिकारी आहे. नौका सोडवून न्यायची असेल तर आधी त्याला सांगावं लागतं, चूक कुणाची. आजवर जो जो आला त्यानं ‘माझी’ म्हणून सांगितलं, आणि तरी कुणाची नौका सुटली नाही. आता वाण्याची मुलगी त्याच्यासमोर उभी आहे. ती काय म्हणेल?

कुणी म्हणालं, तिनं पाया पडावं. कुणी म्हणालं, कासवानं अधिकाऱ्याला चावावं. ती सूचना पुढच्या नौकेत गेली. मग सुशीला उभी राहिली. ती बोलते का हेच वर्ग बघत होता.

“सर, तिनं हात जोडायचं न्हाई. तिनं म्हनायचं, माझा मानूस आला म्हनून मी पळाले. यात चूक कुनाची हाय, ते तुमीच सांगा.”

“मग अधिकारी काय म्हणतो?”

“त्याला आजवर कुनी इचारलंच नव्हतं. त्याला सांगता येत न्हाई. तो गप बसतो. आन् नौका सुटती.”

सरांनी खडू उचलला, पण फळ्यावर लिहिलं नाही. त्यांचे डोळे भरले होते. मग त्यांनी अगदी हळू विचारलं, “मंजूर का?” त्या दिवशी वर्ग ओरडला नाही. सगळ्यांनी हात वर केले. मीही केला.

“सुशीला,” सर म्हणाले, “ही गोष्ट आता पुस्तकात येणार. हाच शेवट. माझा शब्द.”

घरी जाऊन सुशीलानं आईला सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिची आई शाळेच्या फाटकाशी आली. आत काही आली नाही. मला म्हणाली, “बाई, पुस्तकात येनार म्हनं. छापून?” मी हो म्हटलं. “मग आत्याबाईस्नी वाचून दावता येईल,” सासूबद्दल एवढं बोलून ती गेली. त्या घरात पोथीच्या पुढं कुणाचं काही चालत नव्हतं. पोथी छापलेली होती. आता दुसरंही काही छापलेलं येणार होतं. तिच्या दृष्टीनं एवढाच हिशेब होता.

सरांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत कादंबरी लिहून काढली. कुमारांसाठी अद्भुत कादंबरी, नाव ‘पाण्याखालचं बंदर’. हस्ताक्षर मुंग्या चालल्यासारखं होतं, म्हणून मुद्रणप्रत मी करून दिली. शेवटच्या प्रकरणापर्यंत सगळी, सुशीलाचं वाक्य जसंच्या तसं. सांगलीच्या एका छापखान्यानं ती घेतली. मुद्रितं, म्हणजे प्रुफं, मी तपासली. शेवटचं प्रकरण तेवढं माझ्याकडे आलं नाही. सर म्हणाले, “घाई होती, छापखान्यातच तपासून टाकलं.” मी यादीत त्यावर खूण केली आणि पुढच्या कामाला लागले.

पुढच्या श्रावणात शाळेच्या पूजेच्या दिवशीच पुस्तकं आली. निळं मुखपृष्ठ, त्यावर उलटी नौका. मुलं आता दहावीत होती. पूजा संपायच्या आतच हातोहात प्रती फिरू लागल्या. सुशीलानं पुस्तक मागच्या बाजूनं उघडलं. मी तिच्या शेजारी उभी होते. छापलं होतं ते असं: मुलगी अधिकाऱ्यासमोर गुडघे टेकते, हात जोडते आणि म्हणते, “चुकले. पुन्हा असं होणार नाही.” अधिकारी प्रसन्न होतो. ती वर येते, घरी जाते, प्रसाद घेते, आणि नौका तरंगते.

सुशीलानं पान उलटलं, पुढं कोरं होतं. पुन्हा मागं आली. मग पुस्तक मिटून तिनं माझ्या हातात दिलं. “बाई, ह्ये आईला कसं दावू?”

सर मुलांच्या घोळक्यात आले. चेहरा पडलेला. “गड्यांनो, माझा नाइलाज झाला. अध्यक्ष साहेबांनी सांगितलं, पूजेच्या कथेत ढवळाढवळ चालणार नाही, शाळेत पुस्तक येऊ देणार नाही. मी लई भांडलो रे. शेवटी हात टेकले.”

मुलांना सरांची दया आली. खरंच आली. एक मुलगी तर रडली, “सर, तुमी नका वाईट वाटून घेऊ.” आणि मग मुलांनी जे केलं ते फक्त विरकर सरांच्या वर्गानं केलं असतं. त्यांनी पंचायत भरवली. सरांशिवाय, पिंपळाच्या पारावर. ठराव केला: अध्यक्षांनी सरांवरची जबरदस्ती मागं घ्यावी आणि दुसऱ्या आवृत्तीत मंजूर शेवट छापू द्यावा. सरांना सांगायचं नाही, त्यांना आणखी त्रास नको. सुशीलानं तो ठराव वाचायचा. कुणीतरी मोठं बरोबर हवं म्हणून मला बोलावलं. मी गेले, कारण असल्या गोष्टी नीट पार पाडायला कुणीतरी लागतं.

शाळेचे अध्यक्ष म्हणजे सुभेदार आबा. फौजेतून निवृत्त, उसाची शेती, मिशा वर वळवलेल्या, आवाज परेडचा. ते बांधावर उभे राहून उसाला पाणी द्यायला सांगत होते. एवढी पोरं एकदम आलेली बघून ओरडले, “काय रं, संप केला का काय शाळंत?”

“न्हाई आबा. आमचा ठराव हाय,” सुशीला म्हणाली आणि वाचू लागली. आबांनी मधे तोडलं नाही. वाचून झाल्यावर त्यांनी विचारलं, “कसलं पुस्तक?”

“सरांचं. तुमी शेवट बदलाय लावला त्ये.”

“मी?” आबांनी माझ्याकडे पाहिलं. “बाई, मला ह्यातलं कायबी ठावं न्हाई. त्यांनी मला एक पुस्तक दिलं, मी कपाळाला लावून फळीवर ठिवलं. अजून उघडलं न्हाई.”

“सर म्हनले, तुमी म्हनलात पूजेच्या कथेत ढवळाढवळ नको,” सुशीला म्हणाली.

“आरं तिच्या! मी लढाया बघितल्यात. मी कशाला गोष्टीतल्या पोरीला हात जोडाय लावू?” आबा बांधावरून खाली उतरले. सुशीलाजवळ आले आणि आवाज खाली आणून म्हणाले, “तू शिंद्याची न्हवं? तुझा बाप माझ्याच पलटनीत भरती झालेला. मीच धाडलेला. तुझी आई स्टँडवर पळत आली, त्ये बरं झालं. त्याला निदान कुनी दिसलं तरी. घरात कुनी काय बोललं तर मला येऊन सांगायचं. कळलं का?”

सुशीलानं मान हलवली. आम्ही परत निघालो. ज्याच्याशी भांडायला गेलो तो आमच्या बाजूचा निघाला, आणि ज्याच्यासाठी भांडायला गेलो त्याचं काय म्हणायचं ते मुलांना कळत नव्हतं. ठरावाचा कागद सुशीलानं घडी करून पाटात सोडून दिला.

मी एवढ्यावर थांबणारी नव्हे. परीक्षेच्या कागदांसाठी सांगलीला जायचंच होतं, तेव्हा छापखान्यात गेले. मालकांना सरळ विचारलं.

“आम्ही कशाला बदलू, बाई?” ते म्हणाले. “शेवटच्या प्रकरणाचे खिळे जुळवून तयार होते. सर स्वतः आले, परत मागून नेलं, आठवड्यानं नवीन आणून दिलं. मी म्हटलं, अहो, आधीचं बरं होतं. ऐकेनात.”

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी सरांना गाठलं. ते वर्गात एकटेच वह्या तपासत होते. मी आबांचं सांगितलं, छापखान्याचं सांगितलं. त्यांनी एकदाही नाही म्हटलं नाही. पेन खाली ठेवलं.

“बाई, पोरं समोर असली की मी धीट असतो. सुट्टीत घरी गेलो. आई शेजारी मेंढराची लोकर पिंजत बसलेली. मी तिला शेवट वाचून दाखवला. ती काही बोलली नाही. नुसते हात जोडले, देवाकडं बघून. मग मला भ्या वाटलं. बदलला.”

“मग आबांचं नाव कशाला घेतलंत?”

“पोरांची तोंडं बघवेनात हो.”

खोटं बोलताना माणसं दिसतात तसे ते दिसत नव्हते. थकलेले दिसत होते. मला त्या क्षणी त्यांचा राग कमी आला, हे कबूल करायला हरकत नाही. आईपुढं कोण धीट असतं? मी म्हटलं, “सर, हेच मुलांना सांगा. जसं मला सांगितलंत तसं. मुलं समजून घेतील. सुशीला नक्की घेईल.”

“सांगतो. उद्या शनिवारच आहे. उद्या सांगतो. माझा शब्द, बाई.”

शनिवारी मी शेवटच्या तासाला वर्गाच्या बाहेर थांबले. सर आत गेले. मुलं उभी राहिली, बसली. सर म्हणाले, “गड्यांनो, आज नवी गोष्ट सुरू करू या. एक डोंगर आहे आणि तो चालत निघालाय. मंजूर का?”

कुणी आवाज केला नाही. कुणाचाही हात वर झाला नाही. सरांनी पुन्हा विचारलं, “मंजूर का?” सुशीला समोर बसली होती, त्यांच्याकडे सरळ बघत. सरांनी खिडकीबाहेर पाहिलं, हसल्यासारखं केलं आणि म्हणाले, “बरं, मग आज व्याकरण.” आणि तासभर व्याकरण शिकवलं.

सोमवारी त्यांची रजेची चिठ्ठी आली. दिवाळीनंतर कळलं की त्यांनी आपल्या गावाकडच्या शाळेत बदली करून घेतली. निरोपसमारंभ झाला नाही, कारण निरोप घ्यायला ते आलेच नाहीत. सुशीलाच्या आईनं पुस्तकाबद्दल मला पुन्हा कधी विचारलं नाही. एकदा बाजारात भेटली तेव्हा तिनं फक्त वांग्यांचा भाव विचारला.

पुस्तक मात्र चाललं. ‘पाण्याखालचं बंदर’ शाळाशाळांतून वाचलं जाऊ लागलं. सरांना बोलावणी येऊ लागली.

सुशीला मॅट्रिक झाली, डी.एड. झाली आणि शिराळ्याकडच्या एका प्राथमिक शाळेत लागली. गेल्या उन्हाळ्यात साताऱ्याला शिक्षकांचं शिबिर होतं. नोंदणी आणि जेवणाची व्यवस्था माझ्याकडे. सुशीलाही आली होती, आता साडी नेसलेली, खांद्याला पिशवी. दुपारच्या सत्राला पाहुणे म्हणून विरकर सर. ‘मुलांमधली कल्पनाशक्ती’ हा विषय.

ते बदलले नव्हते. केस थोडे पिकलेले, डोळे तसेच. व्यासपीठावरून ते पंचायतीबद्दल बोलू लागले आणि सगळं सभागृह त्यांच्या मुठीत गेलं. बाकांखालचा समुद्र, दुःखी पाणक्या, माशांचे कळप. लोक हसत होते, लिहून घेत होते. मग ते म्हणाले, “आणि मित्रांनो, शेवट माझा नाही. शेवट मुलांनी ठरवला. पंचायतीत, हात वर करून. मी फक्त लिहून काढला.”

सुशीला उभी राहिली. मी भिंतीशी होते, तिच्यापासून दोन रांगा मागे.

“सर, मी त्या वर्गात होते.”

सरांनी डोळे बारीक केले आणि त्यांचा चेहरा उजळला. “अगं, सुशीला! हीच ती, मित्रांनो! हिनंच शेवट सुचवला!”

“काय सुचवला, सर? मी काय म्हणाले होते?”

समोर भरलेलं सभागृह, हसरे चेहरे, उत्तराची वाट बघणारे. त्यांनी सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली आणि मायेनं म्हणाले, “तू म्हणालीस, सर, चुकले म्हणायला लाज कसली?”

टाळ्यांचा कडकडाट झाला. मी मोठ्यानं म्हटलं, “असं ती म्हणाली नव्हती.” माझ्या पुढच्या रांगेतले दोघे मागं वळले. बाकीच्यांच्या टाळ्या चालू होत्या.

सरांनी हातानं सुशीलाला खाली बसायची खूण केली. “बस बाळ, बस.” ती बसली नाही. तशीच उभी राहिली. सर पुढे गोष्ट सांगू लागले आणि खरं सांगते, सुंदर सांगितली. मुलगी समुद्रात उतरली, उसना श्वास संपत आला, कळप हाकत ती बंदरात पोचली. अधिकाऱ्यासमोर उभी राहिली. इथे सरांची नजर वळली आणि सुशीलावर येऊन अडली. सभागृहात दुसरं कुणीच उभं नव्हतं.

त्यांचं तोंड उघडं राहिलं. मग त्यांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. “वेळ झाला. पुढचं पुस्तकात आहेच,” ते म्हणाले आणि नमस्कार करून खाली उतरले. पुन्हा टाळ्या झाल्या.

बाजूच्या दारानं जाताना ते माझ्याजवळून गेले. मला ओळखून थांबले, अगदी पूर्वीसारखे, उत्सुक.

“बाई! तुम्ही होता होय? बरं झालं ना बोलणं?”

“नाही, सर,” मी म्हणाले.

“छान, छान,” सर म्हणाले, माझ्या हातावर थोपटलं, आणि चहाच्या टेबलाकडे जमलेल्या लोकांत हसत हसत मिसळून गेले.